‘आई, एडिसन तरी कुठे शिकला होता?’

पत्र: मुलगा यंदा दहावीत गेला. त्याला नाद फक्त वायपरची मोटर, भंगारातल्या तारा आणि स्कूटरच्या जुन्या बॅटरीचा. आंबे वजनावर वेगळे करणारं यंत्र करतोय. गेल्या महिन्यात माळ्यावर तार पेटली, गोधडी जळाली. ह्यांनी सगळं सामान मांगरात (बागेतल्या खोपटात) टाकून कुलूप घातलं. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही. ह्यांचं म्हणणं, आंबे काय गडी बघता बघता निवडतात. मुलगा म्हणतो, एडिसन तीन महिने शाळेत गेला, मीही शाळा सोडतो. मैत्रिणीने एडिसनच्या आईच्या चिठ्ठीची गोष्ट पाठवली, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मीही तशीच त्याच्या पाठीशी उभी राहू का?
– एक आई, देवगड तालुका

ताई,

आधी त्या चिठ्ठीचं बघू. शाळेने ‘मुलगा मंद आहे’ असं लिहून पाठवलं आणि आईने ‘मुलगा अलौकिक आहे’ असं वाचून दाखवलं, हीच ना ती? ती गोष्ट रचलेली आहे. एडिसनने सांगितलेली हकीकत वेगळी आहे. मास्तर आपल्याला ‘डोक्याने बिघडलेला’ म्हणाले हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं, घरी येऊन सांगितलं. आई तरातरा शाळेत गेली, भांडली आणि पोराला घेऊन आली. तिने त्याच्यापासून लपवलं असं काहीच नव्हतं. शिवाय ही नॅन्सी एडिसन पूर्वी शिक्षिका होती. शाळा सुटली, पण रोजचा अभ्यास घरी, आईसमोर बसून चालूच राहिला. चिरंजीवांना हा भाग कोणी सांगितलेला दिसत नाही.

पुढचाही सांगा. एडिसनचा जन्म १८४७ चा. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या जवळजवळ शंभर किलोमीटरच्या गाडीत पेपर आणि खाऊ विकायला लागला. सकाळी निघायचं, रात्री परतायचं. डेट्रॉइटला गाडी तासन् तास थांबायची, तो वेळ वाचनालयात जायचा. सामानाच्या डब्यात त्याने रसायनांच्या बाटल्या मांडल्या होत्या. एकदा हिसक्याने फॉस्फरस खाली पडला. पांढरा फॉस्फरस पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, हवा लागली की पेटतो. डब्याने पेट घेतला आणि कंडक्टरने बाटल्यांसकट त्याला खाली उतरवलं. तुमच्या गोधडीवरून घर पेटलं नाही, एवढाच काय तो फरक.

सगळ्यात महत्त्वाचं घडलं १८६२ मध्ये. माउंट क्लेमेन्स स्टेशनवर त्याने स्टेशनमास्तरचं लहान पोर रुळांवरून ओढून वाचवलं आणि बदल्यात मास्तरने त्याला तारकाम, म्हणजे टेलिग्राफने संदेश पाठवणं, शिकवलं. पुढची पाच-सहा वर्षं याच हुन्नरावर तो गावोगाव नोकऱ्या करत पोट भरत होता. रात्रपाळी मुद्दाम मागून घ्यायचा, म्हणजे दिवसा प्रयोग करता येतात. लुईव्हिलला बॅटरीचं अॅसिड सांडलं, ते फळ्यांमधून झिरपून खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर उतरलं आणि नोकरी गेली. पण हातात काम होतं, म्हणून दुसरी मिळाली. शाळा नव्हती हे खरं, पण धंदा पक्का होता. तुमच्या मुलाने शाळा सोडली तर त्याच्याकडे दोन्ही नसतील.

म्हणून दहावी सोडू देऊ नका. मार्क किती पडतात याचा घोर नको, पास झाला पाहिजे. मग आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. गणित कंटाळवाणं वाटतं म्हणाला, तर सांगा: एडिसन गणितात कच्चाच होता, आणि दिव्याचं काम हाती घेतल्यावर त्याला फ्रान्सिस अप्टन नावाचा शिकलेला गणिती पगारावर ठेवावा लागला.

आता यंत्राकडे येऊ. त्याच्या वडिलांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. एडिसनचं पहिलं पेटंट १ जून १८६९ चं, सभागृहात मतं झटपट नोंदवणाऱ्या यंत्राचं. यंत्र चालत होतं, पण घेतलं कोणीच नाही. सभासदांना मतदान झटपट नकोच होतं, वेळ लागतो त्यातच अडवाअडवी करता येते. गिऱ्हाइकाला नको ते यंत्र पुन्हा करायचं नाही, हे त्याने तिथून मनाशी धरलं.

देवगडचा गडी आंबा हातात घेतो आणि हा चार डझनीचा (पेटीत चार डझन बसणारा), हा पाच डझनीचा, असं सांगून मोकळा होतो. यंत्राला त्याच्यावर मात करायची तर नुसतं वजन पुरत नाही. आंबा घरंगळत येऊन आपटला तर त्या दिवशी काही दिसत नाही, पण अढीत पिकताना तिथे मऊ डाग पडतो. देठ मोडला तर चीक सालीवर ओघळून काळं होतं. कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला लोकांनी उचलला, कारण तो आंबा देठासकट काढतो आणि जाळीत झेलतो. साधी वस्तू, पण बागायतदाराला नेमकं काय सलतंय ते ओळखून केलेली.

गोधडी का जळाली याचा अंदाज पत्रावरून येतो. वायपरची मोटर मोकळी फिरताना तीन ते पाच अँपिअर घेते. आंबा किंवा लाकूड अडकून थांबली की त्याच्या कितीतरी पट ओढते. मुलाने बारीक तार लावली असणार आणि फ्यूज नसणार, म्हणून मोटरीच्या आधी तार पेटली. दीड स्क्वेअर एमएमची तार घ्यायची आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत गाडीतला दहा अँपिअरचा फ्यूज बसवायचा. फ्यूज उडाला तर आधी काय अडकलंय ते शोधायचं. मोठा फ्यूज घातला की पुन्हा गोधडीच. बॅटरीऐवजी मोबाइलसारखा छोटा अडॅप्टर लावून बघेल, पण दोन अँपिअरवर ही मोटर सुरू होताच अडॅप्टर बसतो.

जागा माळा नको, मांगरच द्या. पण पावसाळ्याचा पेंढा तिथून आधी हलवा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, एक ठिणगी पुरते, म्हणून चार्जिंग दार उघडं ठेवून आणि पेंढ्यापासून लांब. घरच्या विजेला दहावी होईपर्यंत हात लावायचा नाही, बारा व्होल्टच्या आत काय ते करायचं. मांगरात सॉकेट हवंच असेल तर वायरमनकडून तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारी कळ) बसवून घ्या. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारी कळ) तार वाचवते, माणूस वाचवते ती आरसीसीबी, आणि तिचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघायचं. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, फेब्रुवारीपासून खड्ड्यात पाणी घालत राहायचं. खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवं चढतं, ते पावसाळ्याआधी घासून घ्यायचं.

वडिलांशी बोलणं मात्र तुम्ही लावून देऊ नका. मुलालाच पाठवा, कामाचं विचारायला. शेवटच्या तोडीचे वीस आंबे आणि त्या दिवसापुरतं यंत्र त्याने मागून घ्यावं. दहा आंबे यंत्रावरून जाऊ द्यावेत, दहा गड्याच्या हातून, आणि दोन्हींवर खूण करून एकाच अढीत ठेवावेत. आठवड्याने डाग किती ते वडिलांनीच मोजावेत, मुलाने नाही. वहीत तीन रकाने पाडून द्या: आंब्याचं वजन, कुठल्या खणात गेला, पिकल्यावर कसा निघाला. कुलपाची किल्ली कायमची मागायची ती त्यानंतर, फ्यूज मात्र यंत्र चालवण्याआधीच आणायचा.