चॉपस्टिक्स पहिल्यांदा हातात धरताना

बीकेसीत जपानी पाहुण्यांबरोबर पहिलंच जेवण आहे म्हणतोस, तर आठवडाभर रोज रात्री घरी शेंगदाणे उचलायचा सराव कर. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकव, ती अजिबात हलवायची नाही. वरची पेनासारखी धर; हलते ती एवढीच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भाताच्या वाटीत काड्या उभ्या खुपसून ठेवू नकोस. जपानमध्ये तसा भात मृतासमोर ठेवतात. आपल्याकडचा पिंडाचा भात आठव, म्हणजे समोरच्याला काय वाटत असेल ते कळेल. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घासही द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. माझ्याकडून हे एकदा झालं, टेबलावर सगळे गप्प झाले. अजून रुखरुख लागते.

सुशी हाताने खाल्ली तरी चालते. कोरियन जेवणात भात चमच्याने खातात, थाई भात चमचा-काट्याने. तिथे काड्या मागत बसू नकोस. काड्या जमल्याच नाहीत तर सरळ काटा माग, त्यात कसला कमीपणा? आणि त्यांना कधी घरी वरणभाताला बोलावलंस, तर ताटाशेजारी चमचा आधीच ठेव.