रस्त्याकडेचा कचरा उचलायला उतरण्याआधी

आधी ग्रामपंचायतीत जा आणि गोळा झालेला कचरा कोण, कधी नेणार हे ठरवून घ्या. हे राहिलं की भरलेल्या गोण्या रस्त्यालाच पडतात, कुत्री फाडतात आणि सगळं पुन्हा गटारात.

काळ्या प्लास्टिक पिशव्या नकोत, काचेने लगेच फाटतात. तांदळाच्या रिकाम्या गोण्या घ्या. फुटक्या बाटल्या मात्र बादलीत. गोणी पाऊणच भरा, तोंड सुतळीने बांधता आलं पाहिजे. प्लास्टिकमधली माती झटका, नाहीतर गोणी उचलवत नाही आणि भंगारवालाही नाक मुरडतो. सुया दिसल्या तर त्या गोणीत टाकू नका, जाड डब्यात वेगळ्या ठेवा.

जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, थेट हात घालायचा नाही. आधी काठीने ढवळा. फुरसं हा विषारी साप; तो दगडाखाली, पाचोळ्यात दडतो आणि रंगामुळे चटकन दिसत नाही. पायात बूटच हवेत.

मुंबई-गोवा महामार्गावर वळणाजवळ काम नको. एरवी समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाला. एनएसएसची (कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं असतील तर हजेरी जागेवरच घ्या. वर्षाला १२० तास भरायचे असतात, नंतर सह्या गोळा करताना नाकी नऊ येतात.