सोयाबीन महिन्याचं झालंय, डीएपी पेरणीला द्यायचं राहिलं. आता वरून फोकलं तर चालेल का?

फारसा उपयोग होणार नाही. डीएपी हे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) देणारं खत, आणि त्यातलं स्फुरद पेरणीलाच, बियाण्याच्या खाली पडायला हवं. युरियातलं नत्र पाण्याबरोबर मुळांपर्यंत जातं, स्फुरद मात्र जिथे पडतं तिथून काही मिलिमीटरच सरकतं. त्यात आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. वर फोकलेल्या डीएपीतल्या 46 टक्के स्फुरदाचा बराचसा भाग वरच्या थरातच अडकतो, पिकाला दिसतं ते 18 टक्के नत्र. पानं हिरवी होतात आणि आपल्याला वाटतं खत लागू पडलं! स्फुरदाची खरी गरज सुरुवातीलाच असते: मुळं फुटायला आणि सोयाबीनच्या मुळांवर हवेतलं नत्र मिळवून देणाऱ्या गाठी धरायला. पुढच्या वेळी दोन चाड्यांच्या पाभरीने (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत) बियाण्याच्या 4-5 सेंटीमीटर खाली द्या. सिंगल सुपर फॉस्फेट मिळालं तर सोयाबीनला तेच बरं, त्यात गंधकही येतं.

मात्र आधी माती तपासा. दरवर्षी डीएपी टाकलेल्या रानात स्फुरद आधीच भरपूर असू शकतं, मग जास्तीचं खत उलट जस्ताची कमतरता वाढवतं. आणि शेजारच्या मक्याची पानं जांभळी दिसली म्हणून स्फुरद कमी पडलं असं समजून घाबरू नका, थंडीनेही तसं होतं.