आत्याच्या मुलाशी लग्न झाले आहे, व्हिसाच्या मुलाखतीत नाते सांगू की लपवू?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी माझे लग्न गावीच झाले. ते कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत आणि अमेरिकेचे नागरिक आहेत. लग्नानंतर तीन आठवडे राहून परत गेले, पुन्हा गणपतीला येऊन गेले. मी निपाणीला सासरी, म्हणजे आत्याकडेच असते. आय-१३०, म्हणजे बायकोला तिकडे नेण्यासाठी नवऱ्याने करायचा अर्ज, मंजूर झाला, आता मुंबईच्या वकिलातीत माझी मुलाखत होईल. आमचे जॉइंट खाते नाही. पैसे ते आत्याच्या खात्यावर पाठवतात. पत्रिकेत माझे सासरचे नवे नाव छापले आहे, पासपोर्टवर जुनेच आहे. गेल्या वर्षीचा टॅक्स त्यांनी चुकून ‘सिंगल’ म्हणून भरला. एक एजंट म्हणतो, नात्यातले लग्न आहे हे बोलू नका, बोगस समजून व्हिसा नाकारतील. मागच्या तारखेचा भाडेकरार आणि काही कागद मी करून देतो. मी काय करावे?

उत्तर : ताई, त्या एजंटाकडून एकही कागद घेऊ नका. तुमचे लग्न खरे आहे. त्याच्या कागदांनी ते खोटे ठरेल.

आधी नात्याचे बघू, कारण तुमच्या मनात खरी धास्ती त्याचीच आहे. मामाची मुलगी करणे आपल्या भागात नवे नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, कुठल्याही गावात अशी घरे सापडतील. कायद्याची बाजू मात्र नीट समजून घ्या. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ३ मध्ये प्रतिषिद्ध, म्हणजे लग्नाला मनाई असलेल्या, नात्यांची व्याख्या आहे आणि भाऊ-बहिणीची मुले त्यात येतात. कलम ५ म्हणते की अशा नात्यात लग्न होऊ शकत नाही, पण दोघांनाही लागू असलेली रूढी तशी परवानगी देत असेल तर होऊ शकते. रूढी नसेल तर कलम ११ खाली ते लग्न मुळातच रद्दबातल ठरते. म्हणजे तुमच्या बाबतीत रूढीचा पुरावा हाच लग्नाच्या वैधतेचा पाया आहे, आणि तो तुमच्याजवळ आज कागदावर नाही. पहिले काम तेच करा.

ते कसे? कायद्याने रूढी म्हणजे दीर्घकाळ, अखंडपणे आणि एकसारखी पाळली गेलेली रीत. ती समाजाची असू शकते, तशीच एका भागातली किंवा एका घराण्याचीही असू शकते. घराण्याची असेल तर घराण्याने ती मध्येच सोडून दिलेली नसावी. आजीला किंवा घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाला घेऊन बसा आणि वंशावळ लिहून काढा. कुणाच्या आत्याच्या घरी कोण सून म्हणून गेली, कुणी मामाची मुलगी केली, साधारण कोणत्या साली, ते नावानिशी येऊ द्या. मग माहेर आणि सासर दोन्हीकडच्या दोन-तीन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे नोटरीसमोर करा. त्यांत ‘आमच्यात अशी पद्धत आहे’ एवढेच मोघम लिहू नका. प्रत्येकाने स्वतःला ठाऊक असलेली लग्ने सांगावीत. ही प्रतिज्ञापत्रे आजच्या तारखेची असतील, त्यात काही बिघडत नाही. जुनी माहिती आज शपथेवर सांगणे वेगळे आणि आजचा कागद जुना म्हणून दाखवणे वेगळे.

अमेरिकेच्या बाजूने, लग्न जिथे झाले तिथे वैध असावे आणि जोडपे जिथे राहणार त्या राज्याच्या धोरणाविरुद्ध नसावे, असे पाहिले जाते. कॅलिफोर्नियात चुलत, मामे, आत्ते भावंडांच्या लग्नाला बंदी नाही, त्यामुळे तुमची बाजू चांगली आहे. सगळीकडे तसे नाही. टेक्सासमध्ये बंदी आहे. नोकरीमुळे नवऱ्याला दुसऱ्या राज्यात जावे लागणार असेल तर आधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आणि नाते लपणार तरी कसे? तुमची पत्रिका काढून बघा. आपल्याकडे मामांची नावे छापतातच. तुमचे वडील वधूपिता म्हणून एका जागी आणि वराचे मामा म्हणून दुसऱ्या जागी असतील. अल्बममध्ये अंतरपाटाच्या वेळी नवरदेवाच्या पाठीशी मामा म्हणून तुमच्याच घरातले कुणीतरी उभे असेल. हे सगळे अधिकाऱ्यासमोर ठेवून ‘ओळखीतून जमले’ म्हणालात तर तिथल्या तिथे खोट्यात सापडाल. व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली तर अमेरिकेत जायला कायमची बंदी येऊ शकते. माफीचा अर्ज करता येतो, पण तो अवघड असतो. आणि केवळ व्हिसासाठी लग्न केले असा ठपका एकदा बसला, तर पुढे नात्याच्या आधारावर केलेला अर्जही मंजूर होत नाही. इमिग्रेशनचे कायदे चुकवण्यासाठी लग्न करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

भाडेकराराचेही ऐका. कर्नाटकात ई-स्टॅम्प निघतो, त्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख आणि वेळ छापलेली असते. तो क्रमांक टाकून ऑनलाइन पडताळणी करता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्हाला त्याची गरजच नाही. सासूच्या घरात राहणारी सून भाडेकरार कशाला करेल? आत्याच्या घराचा उतारा, त्या पत्त्यावर बदललेले तुमचे आधार, रेशन कार्डावर चढलेले तुमचे नाव, हे तुमच्या जगण्याला धरून आहे.

अधिकाऱ्याला पाहायचे असते ते एवढेच : लग्न करताना दोघांचा खरोखर संसार करायचा विचार होता का. मनातला विचार दाखवता येत नाही, म्हणून लग्नाआधीचे आणि नंतरचे वागणे बघतात. जॉइंट खाते, घराचा करार, एकत्र विमा ही अमेरिकेतल्या जोडप्यांच्या घरी सापडणारी कागदपत्रे आहेत. आपल्या घरांत पुरावा वेगळ्या जागी असतो. आहेराची वही शोधा. कुणाचा किती आहेर, कुणी भांडे दिले, कुणी साडी, हे वेगवेगळ्या शाईत आणि मध्येच अक्षर बदलत लिहिलेले असते, कारण लिहायला बसलेला चुलता जेवायला उठला की दुसरा बसतो. अशी वही नंतर बसून बनवता येत नाही. तिच्या काही पानांच्या झेरॉक्स आणि इंग्रजी भाषांतर लावा, मूळ वही सोबत न्या. बेळगावात खडेबाजारात बस्ता बांधला असेल तर त्याचे बिल, सोनाराची पावती, मंगल कार्यालयाची, मांडववाल्याची, आचाऱ्याची पावती शोधा. यातल्या निम्म्या पावत्या तुमच्या वडिलांच्या नावावर असतील, चालेल. मुलीच्या लग्नात बाप खर्च करतो हे एका वाक्यात लिहून द्या.

हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी वधू-वरांनी लिहून ठेवावी आणि दोघांनी सही करावी, असे ते सांगतात. फार थोड्या घरांत ती केली जाते. तुमच्याकडे असेल तर उत्तम कागद आहे. सुपारीच्या वेळी लिहिलेली याद असेल आणि तिच्यात हुंड्याचा उल्लेख असेल, तर ती फाईलला लावण्याआधी मला किंवा तुमच्या वकिलाला दाखवा, कारण हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हे आहेत.

फोटो थोडे निवडा. स्टुडिओवाल्याने काढलेल्या दोघांच्याच पोझपेक्षा गर्दीतले फोटो बोलके असतात : हळद, देवक, अक्षता, सप्तपदी, पंगत. सप्तपदीचा नक्की हवा. लग्नाचे विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणी प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रत्येक फोटोमागे कोण, कुठे, केव्हा ते लिहा. लहानपणी आत्याच्या अंगणात दोघांचा एकत्र फोटो असेल तर तोही लावा. पण तुमच्या प्रकरणात एक शंका हटकून येणार : भाचीला अमेरिकेत नेण्यासाठी घरच्यांनीच हे जुळवले का? बालपणीच्या फोटोने ती जात नाही, उलट वाढूही शकते. ती जाते ती नवरा-बायको म्हणून काढलेल्या दिवसांनी. त्या तीन आठवड्यांत चोर्ला घाटातून गोव्याला गेला असाल, हॉटेलात राहिला असाल, तर दोघांच्या नावाचे बिल काढून घ्या. गणपतीला ते आले त्याचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के घ्या. खास तुम्हाला भेटायला एवढ्या लांबून येणे, हा मोठा पुरावा आहे.

व्हॉट्सॲपची हजार पाने छापून नेऊ नका, कुणी वाचत नाही. दर महिन्यातली थोडी निवडा, भांडणाची, आजारपणाची, पगाराची, ‘जेवलीस काय’ असल्या रोजच्या बोलण्याची, आणि व्हिडिओ कॉलची यादी जोडा. आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि मध्येच कानडी शब्द घालतो, त्यामुळे भाषांतर लागेल. भाषांतर करणाऱ्याने ते पूर्ण आणि अचूक असल्याचे आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे लिहून सही करावी. कानडी दाखल्यांनाही हेच लागू.

पैशाचे आत्ताच सरळ करा. आजवरचे आत्याच्या खात्यावरचे स्टेटमेंट काढा आणि त्या पैशातून घर चालते, तुमचाही खर्च त्यातूनच होतो, असे आत्याचे प्रतिज्ञापत्र घ्या. पुढच्या महिन्यापासून त्यांनी काही रक्कम थेट तुमच्या खात्यावर पाठवावी. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय परदेशी नागरिकाचे) आणि एनआरई खाते (परदेशातल्या कमाईचे इथले खाते) असेल तर तुम्हाला ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने, म्हणजे व्यवहार त्यांचे आणि त्यांच्या पश्चात तुमचे, असे जॉइंट होता येते. खाते उशिरा उघडले म्हणून कुणी दोष देत नाही. विचारले तर ‘वकिलांनी सुचवले म्हणून उघडले’ असे बिनदिक्कत सांगा.

टॅक्सची चूक मला सर्वांत गंभीर वाटते. ३१ डिसेंबरला ज्याचे लग्न झालेले आहे अशा नागरिकाला सहसा त्या वर्षाचे विवरण ‘सिंगल’ म्हणून भरता येत नाही. विवाहित म्हणून, पत्नीसह एकत्र किंवा स्वतंत्र भरावे लागते. पालनपोषणाच्या हमीपत्रासोबत, म्हणजे आय-८६४ सोबत, टॅक्सची कागदपत्रे जातात, त्यामुळे अधिकाऱ्याच्या हातात लग्नाचा दाखला आणि ‘मी अविवाहित’ असे सांगणारा कागद एकत्र येतो. नवऱ्याने तिथल्या सीपीएकडून, म्हणजे परवानाधारक हिशेबनीसाकडून, १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून विवरण दुरुस्त करावे, आणि त्याची प्रत तुमच्या फाईलमध्ये असावी. हे मुलाखतीच्या आधी झाले पाहिजे.

नावाचे सोपे आहे. तांदळाच्या ताटात नाव लिहिले म्हणून कायद्याने नाव बदलत नाही. अर्ज ज्या नावाने मंजूर झाला तेच सगळीकडे ठेवा, आता घाईने पासपोर्ट बदलू नका. पत्रिकेतले नाव आणि पासपोर्टवरचे नाव एकाच व्यक्तीचे, असे प्रतिज्ञापत्र करा. त्यातच आडनावाच्या स्पेलिंगचा फरक आणि जन्मदाखल्यावर ‘बेळगाम’, नव्या कागदावर ‘बेळगावी’ असे का, तेही घाला. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीत अधिकृत नाव बदलले, एवढे लिहिले की पुरे.

मुलाखतीला तुम्ही एकट्या जाल, नवऱ्याने येणे सक्तीचे नसते. मराठीत बोलायचे असेल तर सुरुवातीलाच सांगा. उत्तरे पाठ करू नका. त्यांची शिफ्ट कोणती, घरात सोबत कोण राहते, भाडे किती, हे विचारतील. माहीत नसेल तर आजच रात्री फोनवर विचारा, बायकोला हे माहीत असायलाच हवे. लग्न कसे ठरले विचारले की सांगा : ‘ते माझ्या आत्याचे चिरंजीव, आमच्यात अशी लग्ने होतात, हे घरच्यांचे प्रतिज्ञापत्र.’ २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त थांबवल्याची, चिठ्ठी मिळाली तर घाबरून त्या एजंटाकडे पळू नका. बऱ्याचदा आणखी कागद मागितलेले असतात. मागितले तेच, मागितल्या पद्धतीने द्या.

अमेरिकेत उतराल त्या दिवशी लग्नाला २ वर्षे पूर्ण झालेली नसतील तर ग्रीन कार्ड २ वर्षांचे, अटी असलेले मिळेल. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे त्या अटी काढण्याचा अर्ज, भरायचा आणि संसाराचे पुरावे पुन्हा द्यायचे. तेव्हा ही फाईल मुंबईहून परतल्यावर कपाटात टाकू नका. सध्या दोन गोष्टी या आठवड्यात करा : नवऱ्याला सीपीएची वेळ घ्यायला सांगा, आणि आजीची तब्येत बरी आहे तोवर तिच्यासमोर वंशावळ लिहायला बसा.