झोपेच्या हर्बल गोळीतले हॉप्स आणि बीअरमधले हॉप्स एकच असतात का? त्यांनी खरंच झोप लागते का?

एकच. हॉप्स म्हणजे बीअरमध्ये पडणारी एका वेलाची कडू फुलं. झाड तेच, फूल तेच, कडूपणाही तोच. झोपेचं पुढे सांगतो.

खरं तर मी एवढ्यावर थांबलो असतो. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘वडिलांना एका नातेवाइकाने गोळ्या दिल्यात, डबीवर हॉप्स लिहिलंय, म्हणजे त्यात दारू आहे का?’ हे अगदी असंच आमच्या घरात होऊन गेलंय आणि त्यात मी जिंकलो की हरलो हे मला अजून कळलेलं नाही.

मी पुण्यातल्या एका लहान ब्रुअरीत बीअर बनवतो. चौदा वर्षं झाली. वाईजवळच्या आमच्या गावात मात्र मी नुसता ‘कंपनीत’ आहे. आण्णा, म्हणजे माझे वडील, माळकरी. कोविडची दोन वर्षं सोडली तर त्यांची आषाढीची वारी चुकलेली नाही. मी पुण्याजवळच्या मांजरी गावी, तिथल्या साखर संस्थेत शिकायला गेलो तेव्हा पोरगा साखर कारखान्याचं शिकतोय म्हणून खूश होते. खरं काय ते कळलं तेव्हा एकच वाक्य बोलले, ‘हातभट्टीला आता डिग्री लागती व्हय?’ त्यानंतर माझ्या कामाविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

तर आधी ते दारूचं. हॉप्सपासून दारू होत नाही. दारू होते ती माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जव-गव्हातल्या साखरेपासून, आणि ती करतं यीस्ट. हजार लिटर साध्या गव्हाच्या बीअरला मला माल्ट लागतं दोनशे किलोच्या आसपास आणि हॉप्स जेमतेम किलोभर. भाजीला मोहरी लागते तसे. मोहरी घातली म्हणून कोणी वांग्याला मोहरीची भाजी म्हणत नाही, पण हॉप्सच्या नशिबी हेच आलंय. सगळी बदनामी त्यांच्या नावावर.

आता मूळ भानगड. बाहत्तरी गाठली आणि आण्णांची झोप उडाली. रात्री दोनला उठून ओसरीवर बसायचे, हरिपाठ म्हणायचे, आईलाही जागवायचे. आमचे दाजी तेव्हा नुकतेच निवृत्त होऊन एका साखळी-विक्रीवाल्या कंपनीत शिरले होते. त्यांनी बाटली आणून दिली. साठ कॅप्सूल, अठराशे पन्नास रुपये, सासरे म्हणून शंभर कमी. तीन आठवड्यांत आण्णा पहाटे पाचपर्यंत झोपू लागले. द्वादशीचं पारणं होतं, घर भरलेलं, आणि पंगतीत सगळ्यांदेखत आण्णा म्हणाले, ‘दाजींनी झोप दिली बाबा. न्हाईतर ह्यो, लोकांचे संसार झिंगवायचं काम करतोय.’

हे मला लागलं. मी उठलो, फळीवरची बाटली काढली आणि झाकण उघडलं. लेबल वाचायची गरजच पडली नाही. पावसात भिजून दोन दिवस कोपऱ्यात पडलेल्या मोज्यांचा वास. हॉप्सचं पाकीट फुटून उबेत राहिलं की असाच वास मारतं. आयसोव्हॅलेरिक ॲसिड म्हणतात त्याला. व्हॅलेरियनच्या मुळालाही तोच वास असतो. (व्हॅलेरियन म्हणजे आयुर्वेदातल्या तगरीची युरोपातली बहीण. अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर वेगळी.) मग लेबल वाचलं: व्हॅलेरियन आणि ह्युम्युलस ल्युप्युलस. म्हणजे हॉप्स.

‘आण्णा,’ मी म्हणालो, ‘यातलं एक औषध मी रोज केटलमध्ये टाकतो. बीअरच्या.’ एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो. ‘आणि ते भांगेच्या कुळातलं झाड आहे,’ हेही जोडलं. खोटं नाही ते, हॉप्स आणि भांग एकाच कुळातले, फक्त हॉप्समध्ये गांजाची नशा नसते. पण हे दुसरं अर्धं वाक्य कोणी ऐकलंच नाही. आण्णांनी हातातला घास पानात ठेवला. दाजी पाणी प्यायले. संध्याकाळी बाटली उकिरड्यावर, आणि रात्री दोनला आण्णा पुन्हा ओसरीवर. आई मला एवढंच म्हणाली, ‘झोपला होता की रं माणूस. काय गरज होती?’

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पुढे गणपतीला गावी गेलो. रात्री मलाही झोप नव्हती. ओसरीवर गेलो तर आण्णा म्हणाले, ‘दाखव बघू ते फूल.’ आम्ही कामाला वापरतो ते पेलेट असतात, हिरव्या गोळ्या, कोंबडीच्या खाद्यासारख्या, हवा काढून बंद केलेल्या पाकिटात. पण गाडीत अख्ख्या वाळक्या फुलांचा एक नमुना पडून होता. अंगठ्याएवढं फिकं हिरवं बोंड, पाकळीवर पाकळी, कागदासारखं हलकं. मधोमध फाडलं की देठाशी पिवळी धूळ दिसते, हळदीसारखी पण चिकट. सगळी करामत त्या धुळीत. तिला ल्युप्युलिन म्हणतात. ती फक्त मादी वेलीला धरते, म्हणून बहुतेक देशांत नर वेल दिसला की उपटून टाकतात. आण्णांनी तळव्यावर चोळून वास घेतला आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं करून म्हणाले, ‘किराईत.’

मग त्यांना हे सगळं सांगितलं. तुम्हालाही सांगतो, कारण दारूचं काही आहे का, याचं खरं उत्तर इथे आहे.

युरोपात बीअर हॉप्सच्या आधीपासून आहे. पूर्वी तिच्यात ग्रुट नावाचा पाल्याचा मसाला पडायचा, आणि त्यावर राजेरजवाडे, धर्मगुरू कर घ्यायचे. हॉप्स आणले मठांनी. उत्तर फ्रान्समधल्या कॉर्बीच्या मठाचे प्रमुख अडालहार्ड यांनी ८२२ साली घालून दिलेल्या नियमांत हॉप्सचा उल्लेख आहे. इथे आण्णांनी थांबवलं. ‘मठात? साधू दारू गाळायचे?’ म्हटलं, बीअर, आणि उपासाच्या दिवसांतही चालायची. ‘मग आपला शाबुदाणाच बरा.’

बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची जोगीण होऊन गेली, वनौषधींची मोठी जाणकार. तिनं लिहून ठेवलंय की हॉप्सनं माणसाची उदासी वाढते, मन खिन्न होतं, आतडी जड होतात. पण त्याच्या कडूपणामुळे पेय नासत नाही, जास्त दिवस टिकतं. आण्णांना बाई पटली. पहिल्या अर्ध्यापुरती.

माझ्या मते मात्र दुसऱ्या अर्ध्यात सगळं आलं. हॉप्समधली अल्फा ॲसिडं तासभर उकळली की त्यांचं रूप बदलतं आणि ती पाण्यात उतरतात. मग बीअर कडू होते आणि तिला आंबट करणारे लॅक्टोबॅसिलससारखे जंतू वाढत नाहीत. आधी टिकवायला दारूच कडक ठेवावी लागायची. हॉप्स आल्यावर पातळ बीअरही टिकायला लागली. इंग्लंडातल्या केंटच्या रेजिनाल्ड स्कॉटनं १५७४ साली हिशेबच मांडलाय: एक बुशेल (धान्याचं जुनं माप) माल्टपासून एल, म्हणजे जुनी बिनहॉप्सची बीअर, निघते आठ-नऊ गॅलन, आणि हॉप्स घालून बीअर निघते अठरा ते वीस. म्हणजे तेवढ्याच धान्यात दुप्पट पेय. हॉप्सनं दारू पातळ केली, आण्णा! हे वाक्य चौदा वर्षं माझ्या घशात अडकलं होतं. आण्णा म्हणाले, ‘पातळ केली म्हणजे दोन पेले जास्त पिणार.’ घ्या.

जर्मनीतल्या बव्हेरियाचा १५१६ चा फर्मान तर बीअरवाल्यांना पाठच असतो: जव, हॉप्स आणि पाणी, चौथं काही नाही. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण ते काय असतं हेच तेव्हा माहीत नव्हतं. आणि आयपीए म्हणजे इंडिया पेल एल खास हिंदुस्थानसाठी शोधली, ही गोष्ट बारमध्ये जो तो सांगतो. ती तशी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातला हॉजसन जी पेल एल इकडे पाठवायचा ती तिथे आधीपासून होत होती. हॉप्स जास्त असल्यामुळे ती आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येणाऱ्या महिनोन् महिन्यांच्या प्रवासात टिकली. १८२० नंतर इंग्लंडातल्याच बर्टन गावचे बीअरवाले ऑलसॉप आणि बास या धंद्यात उतरले. नाव नंतर चिकटलं.

आता झोप. केंटमध्ये सप्टेंबरात हॉप्स तोडायला लंडनची गरीब कुटुंबं लेकराबाळांसकट जायची. हात राळेनं काळे व्हायचे, भाकरीलाही कडू चव यायची. हॉप्स तोडणाऱ्यांना दिवसाढवळ्या पेंग येते, अशी तिकडची जुनी समजूत. त्यावरूनच हॉप्सची उशी आली. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जलाही ती दिली होती असं सांगतात. जर्मनीच्या वनौषधी समितीनं १९८४ मध्ये बेचैनी आणि निद्रानाशासाठी हॉप्सला मान्यता दिली. युरोपीय औषध संस्थाही मान्य करते, पण ‘पारंपरिक वापर’ या खात्यात. म्हणजे लोक पिढ्यान्‌पिढ्या घेतायत, फारसा धोका दिसत नाही, ठोस पुरावा नाही. ज्या चाचण्या झाल्या त्या बहुतेक व्हॅलेरियनसोबतच्या आणि लहान. स्पेनमध्ये १७ परिचारिकांना १४ दिवस रात्रीच्या जेवणाबरोबर बिनदारूची बीअर देऊन पाहिली, झोप थोडी सुधारली म्हणतात. सतराच जणी, पण.

बीअर पिऊन झोप लागते म्हणणाऱ्यांनी हॉप्सच्या आड लपू नये. ती गुंगी दारूची, आणि पहाटे तीनला तीच उठवते. बीअर बनवणारा माणूस हे सांगतोय.

वडिलांना द्यावी का? दारू नाही त्यात, तेवढी शंका काढून टाका. पण आधीच झोपेची किंवा डिप्रेशनची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांगा, आणि दारूबरोबर तर नाहीच. हॉप्समध्ये स्त्री-हार्मोनसारखं वागणारं एक द्रव्यही असतं, तेव्हा स्तनाच्या कॅन्सरची हकीकत असलेल्या बाईनं किंवा गरोदरपणी या वाटेला जाऊ नये. घरात कुत्रा असेल तर हॉप्स त्याच्यापासून लांब ठेवा, ताप चढून मरतं बिचारं. हे सगळं वर लिहायला हवं होतं, राहिलं.

नातेवाइकाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘प्राचीन आयुर्वेदिक’ असेल तर तेवढं मात्र ठणकावून विचारा. आमच्या दाजींच्या होतं. हॉप्सचा आयुर्वेदाशी काही संबंध नाही. हा थंड मुलखातला वेल, त्याला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतो. आपल्याकडे लागवड झाली ती हिमाचलातल्या लाहौलमध्ये. याच दाजींनी २०२१ मध्ये मला बिहारच्या शेतकऱ्याची बातमी पाठवली होती, लाख रुपये किलोची भाजी, म्हणजे हॉप्सचे कोंब. ‘तुझ्या ओळखीनं बियाणं बघ, वाईला लावू.’ पत्रकार त्या शेतावर पोहोचले तर तिथे तसं पीकच नव्हतं. मी दाजींना ती दुसरी बातमी पाठवली. निळी टिक आली, उत्तर आजतागायत नाही. ते मला ‘दारूवाला’ म्हणतात ते चालतं, पण माझाच माल कॅप्सूलमध्ये भरून अठराशे पन्नासला विकतात आणि पंगतीत मान घेतात, हे नाही चालत.

हां, त्या रात्री आण्णांनी हॉप्सची ती पिशवी परत दिली नाही. दिवाळीला गेलो तर त्यांच्या उशाशी आईनं जुन्या धोतराची शिवलेली एक छोटी उशी दिसली. कुरकुरत होती, आणि वास ओळखीचा. वाळलेले हॉप्स जुने होतात तसं त्यांच्यात गुंगी आणणारं एक द्रव्य तयार होतं, म्हणून उशीला जुनेच बरे, असं जाणकार म्हणतात. म्हणजे मी जे टाकून देतो ते. आण्णांना विचारलं, झोप लागते का?

‘झोप न्हाय,’ आण्णा म्हणाले, ‘पर डास कमी झाल्यात. दाजीला बोलू नगंस.’