कॉलेजात सगळ्या विचारांच्या विद्यार्थ्यांना सारखी जागा मिळते का?

महाराष्ट्रापुरतं सांगतो, मिळत नाही, आणि कुणाला किती पाठिंबा आहे ते मोजायची सोयच ठेवलेली नाही. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर आपल्याकडे कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या, मारामाऱ्या आणि खून झाले होते म्हणून, ते कारण खरंच होतं. पण त्यानंतर वर्गात ज्याला जास्त मार्क तोच प्रतिनिधी, म्हणजे सीआर. आमच्या वर्गाचा सीआर कोण हे आम्हाला नोटीस बोर्डावर टाचणीने लावलेल्या कागदावरून कळलं, तो बिचारा स्वतःच गोंधळला होता. 2016 च्या कायद्यात निवडणुका परत आणल्या, 2019 ला होणार म्हणून पोरं तयारीला लागली आणि ते पुढे ढकललं गेलं.

दिल्लीत बघा ना, एकाच शहरात जेएनयूमध्ये बहुतेक वेळा डावे निवडून येतात आणि दिल्ली विद्यापीठात संघाशी जोडलेली अभाविप नाहीतर काँग्रेसची एनएसयूआय. म्हणजे समतोल तिथेही नाही, पण कोण कुठे उभं आहे ते मतपेटीतून दिसतं तरी. आपल्याकडे ज्या संघटनेच्या मागे पक्ष आणि पैसा तिचेच बॅनर गेटवर, बाकीचे कँटीनच्या कोपऱ्यात चहावर वाद घालतात, हे मला मनापासून खटकतं, कारण मताचा हक्क 18 व्या वर्षी मिळतो आणि कॉलेजात मात्र नाही.