वाचकांचे प्रश्न : पाण्याचा २०० सेंमी⁻¹चा पट्टा

प्रश्न : पाण्याच्या एकट्या रेणूचं सर्वांत मंद कंपन १५९५ सेंमी⁻¹ला (म्हणजे एका सेंटिमीटरात १५९५ लहरी मावतील अशा प्रकाशाला) असतं. मग द्रव पाणी ७०० आणि २००च्या आसपास अवरक्त प्रकाश एवढा का शोषतं? आम्ही वर्णपटमापकात पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्यांमध्ये (नमुना धरणाऱ्या पारदर्शक चकत्यांमध्ये) पाणी भरून पाहिलं. ४००च्या खाली काहीच मिळालं नाही.

उत्तर : आधी त्या खिडक्या बाजूला ठेवा. पोटॅशियम ब्रोमाइड पाण्यात विरघळतं आणि ४००च्या खाली स्वतःच अपारदर्शक होतं. उच्च रोधकतेचं सिलिकॉन किंवा हिरा वापरा. थर फार पातळ हवा. २००ला शोषण गुणांक सुमारे १३०० प्रति सेंमी आहे, म्हणजे १० मायक्रॉनमधून जेमतेम २७ टक्के प्रकाश पार होतो. २५ मायक्रॉनमधून ४ टक्केच. ६ आणि १२ मायक्रॉनचे दोन स्पेसर (थराची जाडी ठरवणाऱ्या पट्ट्या) घेऊन पार होणारा प्रकाश मोजा आणि गुणोत्तर काढा. खिडक्यांवरचं परावर्तन त्यात बरंचसं वजा होतं.

एक फसगत हमखास होते. सिलिकॉनच्या खिडक्यांमधल्या १० मायक्रॉन थरात व्यतिकरणाच्या (थराच्या दोन पृष्ठांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्याने होणाऱ्या) लाटा साधारण ३१५ सेंमी⁻¹ अंतराने येतात आणि हुबेहूब रुंद पट्ट्यासारख्या दिसतात. थराची जाडी बदलल्यावर उंचवटा सरकला, तर तो पाण्याचा नाही. टोकदार रेघा दिसल्या तर त्या यंत्रातल्या हवेतल्या बाष्पाच्या. कोरडा नायट्रोजन त्या नाहीशा होईपर्यंत सोडा.

आता मूळ प्रश्न. द्रवात हायड्रोजन बंधांनी जखडलेला रेणू मोकळा फिरू शकत नाही, जागच्या जागी डुलतो. ७००जवळचा पट्टा या डुलण्याचा. यात हलतात ते मुख्यतः हलके हायड्रोजन, म्हणून जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनऐवजी दुप्पट जड ड्युटेरियम असतो) तो ५००च्या आसपास उतरतो. २००चा पट्टा मात्र जवळपास तिथेच राहतो, कारण तिथे शेजारचे दोन अख्खे रेणू बंधाच्या रेषेत जवळ-लांब होतात, आणि १८ऐवजी २० वस्तुमानाने फारसा फरक पडत नाही. जड पाण्याची ही एक चाचणी जरूर करा. दोन्ही हालचाली इतक्या स्वच्छ वेगळ्या करणारी सोपी चाचणी दुसरी नाही.

खरं तर अख्खा रेणू नुसता सरकला तर त्याचा द्विध्रुव (धन-ऋण प्रभारांमधला दुरावा, जो बदलला तरच प्रकाश शोषला जातो) बदलत नाही, शोषण व्हायलाच नको. पण बंध ताणला की दोघांचे इलेक्ट्रॉन मेघ एकमेकांमुळे बदलतात आणि जोडीचा द्विध्रुव हलतो. हा पट्टा एकट्या रेणूचा नाहीच, शेजाराचा आहे. तापवल्यावर तो फिका होऊन खाली सरकतो, म्हणून तापमान स्थिर ठेवा आणि नोंदवा.

प्रश्न : मायक्रोवेव्ह ओव्हनचे २.४५ गिगाहर्ट्झ पाण्याच्या कंपनाशी जुळतात का?

उत्तर : नाही. तिथे कंपन नाही. विद्युतक्षेत्रामागे वळताना रेणू मागे पडतात, त्याची उष्णता होते. २५ अंशांना या शोषणाचं शिखर २० गिगाहर्ट्झजवळ असतं. तिथे लहरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच संपतात, २.४५ला त्या दीड-दोन सेंटिमीटर आत जातात. पाणी तापलं की शिखर आणखी वर जातं, त्यामुळे गरम पाणी थंड पाण्यापेक्षा या लहरी कमी शोषतं.